तेरावा रिचार्ज

वर्षाचे महिने बारा. पण रोह्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानासमोर उभं राहून दर खेपेला २८ दिवसांचा पॅक मारणाऱ्या गिऱ्हाइकाचा हिशोब मांडला, तर त्याचे रिचार्ज तेरा निघतात. २८ गुणिले १२ म्हणजे ३३६. उरलेले २९ दिवस भरून काढायला आणखी एक रिचार्ज लागतो. आपल्या पंचांगातही चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी तोकडं पडतं आणि ती तूट भरायला अधिक मास येतो. पण तो येतो सुमारे पावणेतीन वर्षांतून एकदा. मोबाइलचा अधिक मास दर वर्षी येतो, आणि घरात जितके फोन तितके येतात.

काटकसर म्हटली की आपल्याकडे पहिली गदा घरातल्या माणसांच्या सुखावर येते. आजीचा पंखा बंद करा, पोरांचं नेट बंद करा, दिवा मालवा. एवढा त्रास सोसून महिन्याला वाचतात पन्नास-साठ रुपये, आणि आठवड्याभरात सगळे पूर्वपदावर येतात. माझा अनुभव असा, की प्रत्येक बिलाला एक महागडं टोक असतं. वीजबिलात ते शेवटच्या वीस-तीस युनिटांत असतं, मोबाइलमध्ये न वापरलेल्या डेटात आणि तेराव्या रिचार्जमध्ये. ते टोक शोधून तेवढंच छाटलं, तर घरातल्या कुणाला काही कमी पडत नाही. म्हणून या प्रकरणात सल्ले कमी आणि हिशोब जास्त आहेत.

एक घर डोळ्यांसमोर आणू. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा माणूस, त्याची बायको, रोज गाडीने कॉलेजला जाणारी मुलगी आणि आई. चार माणसं, चार फोन. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. तेव्हा जिओचा दिवसाला दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. वर्षाचे तेरा धरले तर एका फोनचे ३,८८७ रुपये झाले. तोच दीड जीबी ८४ दिवसांसाठी ७९९ रुपयांना मिळत होता. दिवसावर भागून पाहा: २८ दिवसांच्या पॅकमध्ये एक दिवस १० रुपये ६८ पैशांना पडतो, ८४ दिवसांच्या पॅकमध्ये साडेनऊ रुपयांना. वर्षाला एका फोनमागे सव्वाचारशे रुपये वाचतात आणि वापरात एका बाइटचाही फरक पडत नाही. असे तीन फोन धरले तर पावणेतेराशे.

हे आकडे बदलत राहतील. पुस्तक तुमच्या हाती येईपर्यंत बदललेही असतील. पण रीत बदलत नाही: पॅकची किंमत भागिले दिवस. दुकानदाराच्या काचेवर चिकटवलेल्या कागदावर ठळक अक्षरांत किंमत असते, दिवस बारीक अक्षरांत असतात, आणि भागाकार कुठेच नसतो. तो आपण करायचा. सगळ्यात मोठा पॅक सगळ्यात स्वस्त असतो हेही गृहीत धरू नका. वर्षभराच्या पॅकमध्ये पुष्कळदा दिवसाला अडीच जीबी डेटा असतो, आणि जो डेटा तुम्ही वापरणारच नाही त्याचे पैसे आगाऊ भरलेले असतात.

२८ दिवसांच्या या प्रकाराबद्दल ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जानेवारी २०२२ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक पुऱ्या ३० दिवसांचा आणि निदान एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. असे पॅक आज आहेत. जिओचा महिनाभराचा पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ३१९ रुपयांना होता. बाराने गुणलं तर ३,८२८, म्हणजे तेरा रिचार्जपेक्षा फक्त ५९ रुपये कमी. कंपनीने तेरावा महिना बारा महिन्यांत वाटून टाकलेला दिसतो. तरीही पगाराची तारीख आणि रिचार्जची तारीख एक करायची असेल, तर हा पॅक सोयीचा पडतो.

मग लोक ८४ दिवसांचा का घेत नाहीत? हिशोब येत नाही म्हणून नाही, एका वेळी हातात आठशे रुपये नसतात म्हणून. गरिबाला छोटी पुडी नेहमी महागच पडते. यावर दोन मार्ग आहेत. कारखान्यात दिवाळीचा बोनस मिळत असेल तर त्यातून घरातल्या फोनचे लांब मुदतीचे पॅक एकदम घ्यावेत. नाहीतर बायकांच्या बचत गटातून किंवा भिशीतून तेवढी रक्कम उचलावी. दोनअडीच हजारांच्या उचलीवरचं तीन महिन्यांचं व्याज आणि वाचणारे पैसे शेजारी लिहून पाहा. गटाचं व्याज कमी असेल तर फायदा राहतो. महिना चार टक्क्यांच्या पुढे असेल तर उरत नाही.

आता आईचा फोन. साधा, बटणांचा. तिला डेटा लागत नाही, मुंबईच्या लेकीशी बोलता आलं म्हणजे झालं. पण बरीच वर्षं तिलाही डेटासकटच पॅक घ्यावा लागत होता. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत बारावी दुरुस्ती केली आणि फक्त कॉल व एसएमएस देणारे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायलाही परवानगी दिली. जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आले. एअरटेलचा वर्षभराचा १,८४९ रुपयांना आणि ८४ दिवसांचा ४६९ रुपयांना होता. आधी आईच्या फोनवर १९९ रुपयांचा २८ दिवसांचा पॅक तेरा वेळा मारला जात असेल, तर ते २,५८७ रुपये होत होते. म्हणजे वर्षाला ७३८ रुपये वाचले, आणि दर चार आठवड्यांनी कुणीतरी तिचा फोन चालू करून द्यायची कटकटही गेली. दुकानात हे पॅक कुणी आपणहून सुचवत नाही. ‘फक्त कॉलचा, डेटा नसलेला’ असं स्पष्ट सांगून मागावं लागतं.

ज्या घरात वायफाय आहे तिथे सगळ्यांच्याच पॅककडे पुन्हा पाहायला हवं. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याभरात मोबाइल डेटा किती खर्च झाला ते दिसतं. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा महिन्याचा वापर बहुधा दोनतीन जीबीच्या वर जात नाही, आणि पैसे मात्र चाळीस-पंचेचाळीस जीबीचे भरलेले असतात. मुलीच्या पॅकला मात्र कात्री लावू नका. गाडी रखडली, अंधार पडला, तर फोनवर डेटा असणं ही तिची सोय नाही, सुरक्षितता आहे.

कंपनी बदलणं हे एक मोठं हत्यार आहे. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजी ‘पोर्ट’ हा शब्द, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा संदेश १९०० वर पाठवला की आठ अक्षरी कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधार कार्डासह जायचं. आपल्याच सर्कलमधला बदल तीन कामाच्या दिवसांत होतो. आधीच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत आणि पोस्टपेड असेल तर थकबाकी नसावी, एवढ्याच मुख्य अटी. कोड मागवला की जुन्या कंपनीचा फोन येतो आणि स्वस्त योजना पुढे केली जाते. ती घेण्यात गैर काही नाही, फक्त ती किती दिवसांची आणि नंतर काय दर, हे विचारा आणि संदेशात लेखी मागा.

पण आमच्या भागात दराच्या आधी नेटवर्क पाहावं लागतं. रोहा स्टेशनात खणखणीत लागणारं नेटवर्क चणेऱ्याकडे किंवा अवचितगडाच्या पायथ्याला तसंच लागेल असं धरून चालता येत नाही. मध्ये डोंगर आला की गणित बदलतं. जिथे राहता तिथल्या शेजाऱ्याच्या घरात, मागच्या पडवीत, पावसाळ्यात फोन लागतो का, हे विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये. बीएसएनएलचे पॅक पुष्कळदा स्वस्त असतात. जिथे त्यांचा टॉवर जवळ आहे तिथे ते जरूर घ्यावेत.

बाकी गळत्या पटकन सांगतो. कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेटचे संदेश असं काही चालू झालेलं असेल तर १५५२२३ या नंबरावरून बंद करता येतं. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ नावाचा कप्पा उघडून पाहा. पहिला महिना फुकट म्हणून घेतलेली एखादी मनोरंजनाची वर्गणी तिथे दर महिन्याला पैसे कापत बसलेली असते. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. न वापरातली तिथूनच कळवता येतात. आणि एखादं जुनं सिम केवळ बँकेच्या नोंदीसाठी जपायचं असेल, तर ट्रायचा २०१३ चा नियम लक्षात ठेवा: वापर नाही म्हणून ९० दिवसांच्या आत सिम बंद करता येत नाही, आणि त्यानंतर खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखला जातो. यात फक्त नंबर टिकतो. कॉल आणि ओटीपी यायला पॅक चालू लागतो. म्हणून दूरचा विचार केला तर बँकेतला नंबरच बदलून घेणं शहाणपणाचं.

आता विजेकडे वळू, कारण खरा पैसा तिथे आहे.

रोह्याच्या वरच्या अंगाला भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र १९२७ पासून चालतं. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठाल्या नळांनी खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत सोडलं जातं. कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. या धरणासाठी मुळशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह झाला. वीज मुख्यतः मुंबईसाठी होती. आजही उशाशी वीज तयार होते म्हणून रोहेकराला ती स्वस्त मिळत नाही. महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा दर राज्यभर एकच, आणि तो वीज नियामक आयोग ठरवतो. दरावर आपला हात चालत नाही, पण दराच्या पायऱ्या ओळखीच्या झाल्या तर बिलावर चालतो.

२०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, त्यापुढे ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे. प्रत्येक युनिटावर १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा. सिंगल फेजला १२८ रुपये स्थिर आकार. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. १ जुलै २०२५ पासून नवे दर आले, पण पायऱ्या त्याच राहिल्या: शंभरी ओलांडली की पुढचं युनिट जवळजवळ दुप्पट भावाने पडतं.

आपल्या धाटावच्या घराचा वापर १३० युनिट धरा. इंधन समायोजन बाजूला ठेवलं, तर २०२४-२५ च्या दराने बिल साधारण १,२२९ रुपये झालं. त्यात पहिल्या १०० युनिटांचे आणि स्थिर आकाराचे मिळून ८३१. उरलेल्या ३० युनिटांचे ३९९. सरासरी काढली तर युनिट साडेनऊ रुपयांना पडल्यासारखं वाटतं, आणि लोक हीच सरासरी धरून बचत मोजतात. पण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या पायरीवरून उतरतं. शुल्कासकट ते १३ रुपये २९ पैशांचं असतं. ३०० च्या वर वापर असलेल्या घरात तर १८ रुपयांच्या पुढे. एखादं उपकरण बदलायचं की नाही हे ठरवताना हाच आकडा हाताशी धरा.

मग ही ३० युनिटं घरात कुठे आहेत? कोकणात पहिला संशयित पावसाळ्यातला पंखा. आषाढात कपडे वाळत नाहीत, म्हणून रात्रभर माजघरात वलणीवर कपडे टाकून वर पंखा सोडायचा, ही घरोघरची रीत. जुना पंखा ७५ वॅट घेतो. दहा तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस, वरच्या दराने ३०० रुपये. कपडे वाळवण्याचे महिन्याला तीनशे रुपये! मशीन असेल तर पिळण्याचा फेरा दोनदा लावा, कपडे विरळ टाका, दिवसा पडवीत वारा असेल तोवर तिथेच ठेवा आणि रात्री तासदोन तासच पंखा लावा. दमट कपड्यावर इस्त्री फिरवून वाळवू नका. हजार वॅटची इस्त्री त्या पंख्याच्या तेरापट वीज खाते.

दुसरा उपाय पंखाच बदलणं. बीएलडीसी जातीचे पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. दिवसाला बारा तास फिरणारा पंखा बदलला तर महिन्याला १६ युनिटं वाचतात, म्हणजे दोनशेहून जास्त रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा वर्ष-सव्वा वर्षात वसूल होतो. पण घरातले सगळे पंखे एकदम बदलू नका. जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी, आणि तो बहुधा आईच्या खोलीतला असतो. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा जुनाच राहू दे, तो वर्षात पंधरा दिवस फिरतो.

तिसरी जागा टीव्हीखाली. सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी वीज घेतच राहतो. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटं, म्हणजे ९५ रुपये. भिंतीवरचं बटण बंद करणं एवढाच इलाज. फ्रीजच्या दाराच्या रबरात कागदाची चिठ्ठी धरून दार लावा. चिठ्ठी सहज सुटून आली तर रबर बदला. फ्रीज भिंतीला टेकवू नका. रात्री फ्रीज बंद करण्याची सवय मात्र सोडा. त्यात फारसं काही वाचत नाही आणि दूध, मासळी नासली तर महिन्याची बचत एका सकाळी जाते.

अंघोळीच्या पाण्याला पुष्कळ घरांत अजून बंब आहे, झावळ्या आणि करवंट्यांवर पेटणारा. अंगणात धूर जायला जागा असेल तर तो जरूर ठेवा. दीड हजार वॅटची हीटिंग रॉड रोज अर्धा तास लावली की महिन्याला साडेबावीस युनिटं होतात. एवढ्यानेच शंभरी ओलांडली जाते.

बिलाच्या कागदावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो नीट वाचा. रोह्याच्या घरांत मे महिन्यात आणि गणपतीत आकडा उसळतो, कारण मुंबईची माणसं येतात. तो खर्च आनंदाचा आहे, त्याला हात लावू नये. पण पाहुणे नसलेल्या महिन्यातही आकडा चढाच राहिला, तर कुठेतरी गळती आहे. घरातली सगळी बटणं बंद करून मीटरवरचा छोटा लाल दिवा पाहा. पुष्कळ मीटरांवर एका युनिटाला ३,२०० लुकलुक असं लिहिलेलं असतं. सगळं बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून दुसरीकडे वीज जाते आहे. वायरमनला बोलवा.

रीडिंगचा फोटो दर महिन्याला काढून ठेवावा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्हा उद्ध्वस्त केला. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावं बराच काळ अंधारात राहिली. त्याआधी टाळेबंदीमुळे मार्चअखेरपासून घरोघरी मीटर वाचणं थांबलं होतं आणि सरासरीने बिलं निघत होती. मग तीन महिन्यांचं बिल एकत्र आलं आणि राज्यभर ओरड झाली. त्या वेळी एक नियम पुष्कळांना पहिल्यांदा कळला: तीन महिन्यांचं रीडिंग एकदम घेतलं, तर स्वस्त पायरीही तिप्पट धरायची असते, म्हणजे १०० ऐवजी ३०० युनिटांना पहिला दर लागतो. आजही ‘लॉक’ किंवा सरासरीचा शेरा असलेल्या बिलांनंतर मोठं बिल आलं, तर हे पहिलं तपासा. महावितरणच्या ॲपवरून आपलं रीडिंग फोटोसह पाठवायची सोय आहे.

बिल चुकलं आहे असं वाटलं तर आधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फोनवर केली तर तक्रार क्रमांक लिहून ठेवा. १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. २००३ च्या विद्युत कायद्याचं ५६ वं कलम पाठ असावं. १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांहून जुनी रक्कम, मधल्या बिलांत ती सतत दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरावर फोन करा’ असा संदेश आला तर तो चोराचा आहे. त्या नंबरावर फोन करू नका, तो सांगेल ते ॲप घेऊ नका.

बाजारात आणि फोनवरच्या जाहिरातींत ‘पॉवर सेव्हर’ नावाची डबी विकली जाते. प्लगमध्ये लावा, बिल निम्मं होईल म्हणतात. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली वीज मोजतो, आणि ती या डबीने कमी होत नाही. तिचे पैसे एलईडी दिव्यांत घाला. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बचा उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो.

छोट्या सवलती आहेत, त्या सोडू नयेत. कागदी बिल नाकारून ई-मेलवर घेतलं तर महिन्याला दहा रुपये. बिल लवकर, दिलेल्या तारखेच्या आत भरलं तर एक टक्का. ऑनलाइन भरलं तर पाव टक्का. उशीर केला तर उलट सव्वा टक्का दंड. वर्षातून एकदा येणारं सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल पाहून लोक चिडतात. पण ती ठेव आपलीच असते आणि तिच्यावर व्याज मिळतं. ते जमा झालं का, बिलात पाहावं.

पेणच्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे घराच्या पडवीत गणपतीच्या मूर्ती रंगतात आणि ओटीवर पापड लाटले जातात. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय केला म्हणून लगेच व्यापारी दर लागत नाही. महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत आणि आधल्या आर्थिक वर्षाचा ३,६०० च्या आत असेल, तर घरगुती दरच लागू होतो, असं आयोगाच्या आदेशात आहे. कुणी मीटरचा प्रकार बदलायला सांगितलं तर हा नियम दाखवा.

छपरावरच्या सौर पॅनेलसाठी फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. शंभर-सव्वाशे युनिटांच्या घराने आधी पंखे आणि रॉडकडे पाहावं. जिथे अडीच-तीनशे युनिटं जातात तिथे पॅनेलचा विचार करावा. कोकणात पावसाचे चार महिने उत्पादन घसरतं, पण जादा युनिटांचा हिशोब मार्चअखेरपर्यंत पुढे ओढला जातो. वर्ष एप्रिलला सुरू होत असल्याने उन्हाळ्यात शिल्लक पडलेली युनिटं पावसाळ्यात कामी येतात.

गॅसबद्दल थोडंच. सिलिंडर दारात आला की वजन करून मागा. काटा आणणं पोचवणाऱ्याचं काम आहे. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. उकडा तांदूळ शिजायला वेळ लागतो. तो आणि कडधान्यं आधी भिजवली तर ज्योत बरीच कमी जळते. टीव्हीवर फक्त बातम्या, जुने सिनेमे आणि सह्याद्री पाहणाऱ्या घराला डीडी फ्री डिश पुरेशी आहे. एकदा छत्री बसवली की महिन्याची वर्गणी नाही. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेत भरा. नगरपालिकेच्या थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती लागते, इतकं महाग कर्ज घरात दुसरं बहुधा नसतं.

शेवटी बंद घरांविषयी, कारण रोहा तालुक्याच्या गावागावांत ती आहेत. माणसं मुंबईला, वर्षातून दोनदा कुलूप उघडतं. एक युनिट जळलं नाही तरी २०२४-२५ च्या दराने स्थिर आकार आणि शुल्क मिळून महिन्याला १४८ रुपये, वर्षाला पावणेअठराशे होतात. मीटर कायमचा काढून टाकला तर ते वाचतात, पण पुन्हा जोडणी घ्यायचा खर्च आणि धावपळ लागते. गणपती त्या घरात बसत असेल तर मीटर ठेवावा आणि तो खर्च भावाभावांत वाटून घ्यावा. निघताना मेन स्विच पाडा. मीटर बाहेरच्या भिंतीवर, वाचता येईल असा हलवून घ्या, म्हणजे ‘लॉक’चं सरासरी बिल येणार नाही. गावातल्या चुलतभावाला महिन्यातून एकदा मीटरचा फोटो पाठवायला सांगा, आणि बिलाला आपला मोबाइल नंबर जोडून ठेवा, म्हणजे डोंबिवलीत बसून भरता येईल.